बापाचं काळीज

श्रोतेहो, पुण्याला माणसं नाना कारणांनी जातात. कुणी दवाखान्यासाठी, कुणी पोरांच्या अ‍ॅडमिशनसाठी, कुणी लग्नाच्या बस्त्यासाठी. आमच्या सातारा जिल्ह्यातले एक फोटोग्राफर मित्र 2025 च्या मे महिन्यात सहकुटुंब पुण्याला गेले, ते मुलाच्या दीक्षान्त संचलनासाठी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे आपल्या एनडीएतून, तीन वर्षांचं शिक्षण संपवून तो बाहेर पडत होता. बरोबर मित्राची आई, वहिनी, अकरावीतली मुलगी आणि आग्रहानं ओढून नेलेला मी. पुण्याला जातोच आहोत तर पोरीला संग्रहालयंही दाखवू, असा बेत होता.

या मित्राचा स्टुडिओ एसटी स्टँडच्या समोर. आमचा जिल्हा फौजींचा. रजा संपवून निघालेला जवान गाडी यायच्या आधी स्टुडिओत शिरणार, टोपी सारखी करणार आणि कडक उभा राहणार, हे मित्रानं तीस वर्षं पाहिलं. रोलच्या काळातल्या निगेटिव्ह त्यानं अजून पाकिटात घालून, नावं लिहून ठेवल्या आहेत. कारण कधी तरी एखाद्या घरातून माणूस येतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "तो वर्दीतला फोटो जरा मोठा करून द्या." का, ते विचारावं लागत नाही. मित्र म्हणतो, "वर्दीतला फोटो काढताना माझा हात जड होतो." गंमत अशी, की तीन वर्षांत त्यानं स्वतःच्या मुलाचा वर्दीतला एकही फोटो काढला नव्हता. वहिनींच्या हे लक्षात आलं होतं. पण त्या बोलल्या नव्हत्या.

संचलनाच्या आदल्या दिवशी आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तऱ्हेतऱ्हेचे दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानीमहाल. आजी प्रत्येक भांड्यापाशी थांबत आणि "हे आमच्याकडं होतं, मोडीत घातलं" म्हणून हळहळत. मित्र काचेवरची चकाकी चुकवायला कधी डावीकडं झुकत होता, कधी गुडघ्यावर बसत होता.

मुलीनं विचारलं, "काका, हा राजा कुठला?" मी म्हटलं, "बाळ, हा राजा कुठल्या गादीवरचा नाही. हा एका बापाचा राजा." दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं लिहिणारे कवी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. गावोगाव हिंडले, घराघरातून वस्तू मिळवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. वीस हजारांच्या वर वस्तू जमल्या आणि हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. मीही कविता लिहितो, म्हणून मला त्यांचं जास्त वाटतं. आम्ही कवी दुःखाच्या चार ओळी करतो आणि मोकळे होतो. या माणसानं दुःखाचं घर बांधलं आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं. मित्र हे ऐकत होता. पुढची दोन दालनं त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला नाही.

संचलन 30 मे रोजी होतं. पास फक्त घरच्यांचे, त्यामुळे मी लॉजवर थांबलो. पहाटे वहिनी निघाल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. सीमेवरची लढाई थांबून तीनच आठवडे झाले होते. एरवी ज्या समारंभाला आया नटून जातात, तिथं त्या वर्षी पोटात गोळा घेऊन जाणाऱ्याही बऱ्याच असतील.

दुपारी सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. त्या तुकडीत पहिल्यांदाच मुली होत्या. सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली मुलींना प्रवेश परीक्षेची वाट मोकळी करून दिली, 2022 साली पहिल्या मुली आत गेल्या आणि त्यांतल्या सतरा जणी त्या दिवशी मुलांच्या बरोबरीनं पावलं टाकत बाहेर पडल्या. शेवटी संथ चालीत 'अंतिम पग' टाकून छात्र मैदानाबाहेर पडले, तेव्हा आजींनी हात जोडले.

ज्या मैदानावर हे संचलन झालं त्याचं नाव खेत्रपाल मैदान. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, 1950 चा. शिक्षण याच प्रबोधिनीत आणि पलटणीचं नावही पूना हॉर्स. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. तो सोडून देण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही आणि एकविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

पण मला त्यांच्या वडिलांविषयी सांगायचं आहे. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल 2001 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला. निघायच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात आपण होतो आणि अरुण आपल्याच हातून गेले. त्यांच्या बोलण्यात अरुणच्या शौर्याचा आदरच होता. म्हाताऱ्या बापानं ते ऐकून घेतलं. दोघेही सैनिक, दोघांनीही आपलं कर्तव्य केलेलं. वैर ठेवायचं ठरवलं असतं, तर या बापाहून मोठा हक्क कुणाला होता? ज्यांनी युद्धात काहीही गमावलेलं नसतं, त्यांचाच आवाज युद्धाच्या गप्पांत मोठा असतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा बरोबर होता. देहरादूनचं वर्षभराचं प्रशिक्षण अजून बाकी होतं. तिथं तो अधिकारी होईल, तेव्हा खांद्यावर तारे लावायचा मान आईवडिलांचा. त्यानंच आम्हाला लष्कर भागातल्या युद्धस्मारकावर नेलं. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक 1998 साली खुलं झालं. तिथं शहिदांची नावं कोरलेली आहेत. मित्र ती नावं एकेक करून वाचत राहिला. आपल्या पाकिटांवरची नावं तो शोधत होता, हे मला कळलं. मी विचारलं नाही.

मुलगी भावाला परीक्षेचा अभ्यासक्रम विचारत होती. बारावीनंतर मलाही जायचंय, असं तिनं तिथंच जाहीर केलं. वहिनी चमकल्या. "एक दिला की! दुसरीही द्यायची?" त्यांचा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर भाषणात देता येतं, आईच्या तोंडावर देता येत नाही. बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, "पोरगा निघाला तेव्हा आपण अडवलं नाही. आता पोरगी म्हणून हिलाच कसं अडवायचं?" वहिनी गप्प राहिल्या. त्यांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. मला ते बरोबर वाटतं. अशा गोष्टीला झटकन हो म्हणणाऱ्या आईपेक्षा, रात्रभर तळमळून विचार करणारी आई मला जास्त धीराची वाटते.

निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, देहरादूनला जायच्या आधी वर्दीतला एक फोटो तुम्ही काढा. दुसऱ्या कुणाकडून नको." मित्रानं मान हलवली. गावी आल्यावर त्यानं तो काढला. आता तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला आहे, गावातल्या लग्नांच्या आणि बारशांच्या फोटोंच्या बरोबरीनं. परवा मी विचारलं, "हात जड झाला का?" तो म्हणाला, "झाला. पण हलू दिला नाही."

श्रोतेहो, सीमेवर उभ्या असलेल्या प्रत्येक पोरामागं असं एक घर असतं. त्या घरांसाठी माझी एवढीच दुवा आहे, की मोठा करून द्यायचा फोटो लग्नाचा असावा.