बाभळीचं पाणी आणि डबल इंटिग्रल

इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला डबल इंटिग्रल आलं की बरीच पोरं लिमिटपाशी अडकतात. सूत्र पाठ असतं, पण लिमिट आली कुठून ते कळत नाही. म्हणून आज आपल्या धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून बघू.

गोदावरीवरच्या या बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी, म्हणजे साधारण ७.७६ कोटी घनमीटर. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली, आताच्या तेलंगणात सोडायचं. म्हणजे साठ्याचा हिशेब चुकला तर भांडणच! आणि नदीची खोली तर जागोजागी वेगळी. नुसतं लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली करून कसं जमेल?

मग काकडी कापतो तसे नदीचे आडवे काप करा. एका कापात या काठापासून त्या काठापर्यंत खोलीची बेरीज केली की त्या कापाचं क्षेत्रफळ मिळतं. हे आतलं इंटिग्रल. मग बंधाऱ्यापासून पाणी जिथवर तुंबलंय तिथवरचे सगळे काप जोडा. हे बाहेरचं. नदी कुठं रुंद, कुठं अरुंद, म्हणून आतल्या लिमिटमध्ये एक्स येतो. बाहेरच्या लिमिट मात्र नुसते आकडे. उत्तर आकड्यात हवंय आणि बाहेरच्या लिमिटमध्ये एक्स किंवा वाय दिसला, तर मांडणी चुकली समजा.

आता परीक्षेतलं आवडतं गणित. फंक्शन आहे ई चा घात एक्स-स्क्वेअर. आत एक्स, वायपासून १ पर्यंत. बाहेर वाय, ० ते १. आतलं इंटिग्रल नेहमीच्या सूत्रांनी सुटतच नाही. मग काय करायचं? चित्र काढा. एक्स बरोबर वाय ही तिरकी रेघ, एक्स बरोबर १ ही उभी रेघ, खाली एक्स-अक्ष. झाला त्रिकोण. आता काप उभे घ्या: वाय ० पासून एक्सपर्यंत, एक्स ० ते १. आत वाय चालू असताना फंक्शन स्थिर, म्हणून ते नुसतं एक्सनं गुणलं जातं. एक्स-स्क्वेअरला टी धरलं की उत्तर येतं ई वजा १, भागिले २. साधारण ०.८६.

त्रिकोण तोच, उत्तर तेच, फक्त कापायची दिशा बदलली. म्हणून आधी चित्र, मग लिमिट, आणि इंटिग्रेशन सगळ्यात शेवटी. वही घ्या, एकदा स्वतः करून बघा. भेटू पुढच्या भागात!