तिसरा पोर्ट, मुनीमजींची चिठ्ठी आणि आपल्या ऑफिसातला जुना डबा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सहलीत कौंडण्यपूर येथे, दुपारच्या जेवणानंतर केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



रोडगे-वरण-वांग्याची भाजी खाऊन झाल्यावर मला बोलायला उभं केलं, म्हणजे निम्मी मंडळी झोपणार हे ठरलेलंच. झोपा, माझी हरकत नाही. रुक्मिणीच्या माहेरी आलोय, समोर वर्धा नदी आहे, सावली आहे.

विषय कसा निघाला ते सांगतो. स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना सचिवांनी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. त्यात मेन्टेनन्सची बिलं ज्याच्यावर निघायची तो जुना कम्प्युटर सापडला. भंगारवाला दारात उभाच होता. तेवढ्यात आपल्या सी विंगमधल्या एका चिरंजीवानं त्याचं झाकण उघडलं आणि एक हिरवी पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे काय आहे? मागे नऊ-नऊ पिनांचे दोन सॉकेट आहेत."

ते सिरियल पोर्टचं कार्ड. माझ्या आयुष्याची पंधरा-सोळा वर्षं त्याच्या पाठीमागं गेली.

आपल्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. त्यांना आठवत असेल. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांमध्ये यंत्रं येऊ लागली. आधी ते एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगची मशीन, मग युनिक्सचा एक सर्व्हर आणि काउंटरवर नुसते पडदे न् कीबोर्ड. त्या पडद्यांत स्वतःची अक्कल नव्हती, म्हणून त्यांना डंब टर्मिनल म्हणायचे. (आमच्या एका मॅनेजरसाहेबांना तो शब्द स्टाफसाठी आहे असं वाटलं होतं.) आता सर्व्हरच्या पाठीला पोर्ट दोन आणि काउंटर आठ. मग काय करायचं? तर आठ पोर्टांचं एक कार्ड आत बसवायचं, त्यातून ऑक्टोपससारखी आठ शेपट्यांची केबल बाहेर काढायची आणि एकेक शेपूट एकेका काउंटरला न्यायची. एवढ्या एका कार्डावर अख्खी शाखा चालायची. ते रुसलं की पासबुकं घेऊन लोक बाहेर उभे.

त्यात एक गंमत होती. एससीओ युनिक्समध्ये त्याच पोर्टाला दोन नावं असायची, टीटीवाय-१-ए, एकदा लहान 'ए' आणि एकदा कॅपिटल 'ए'. कॅपिटलवाला मोडेमसाठी, समोरून 'मी आलो' असा सिग्नल आल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. नुसत्या टर्मिनलला कॅपिटल नाव दिलं की पडदा काळाच. केबल बदला, कार्ड बदला, काही होत नाही. एका अक्षरापायी मी एका शाखेत रात्री अकरापर्यंत बसलोय.

पण आज सांगायची गोष्ट बँकेतली नाही. ती इथून फार लांब नसलेल्या एका जिनिंगमधली आहे. नाव घेत नाही, कारण चूक माझीच होती.

एकाधिकार कापूस खरेदीचा काळ. सीझनमध्ये जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असत, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. आत मोठा धरमकाटा. त्याच्या इंडिकेटरवर लाल आकडे दिसायचे, मुनीम ते वाचून पावती हातानं लिहायचे. मालकांनी ठरवलं, आकडा थेट कम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि पावती छापूनच द्यायची. शेतकऱ्यालाही ते बरं. हातानं लिहिलेल्या वजनावर कोणाचा विश्वास असतो?

कम्प्युटर ४८६ होता. पहिल्या पोर्टावर माऊस, दुसऱ्यावर गाठी मोजायचा छोटा काटा. म्हणून धरमकाट्यासाठी तिसरा पोर्ट हवा. मी अमरावतीहून कार्ड घेऊन गेलो.

आता पोरांनो, थोडं नीट ऐका, कारण हे कुठं लिहिलेलं सापडत नाही. प्रत्येक पोर्टाला दोन गोष्टी लागतात. एक पत्ता आणि एक घंटी. पहिल्या पोर्टाचा पत्ता ३एफ८ आणि घंटी, म्हणजे आयआरक्यू, चार. दुसऱ्याचा २एफ८, घंटी तीन. तिसऱ्याचा पत्ता ३ई८, पण घंटी पुन्हा चारच. चौथ्याचा २ई८, घंटी पुन्हा तीन. चार घरं आणि घंट्या दोनच. जुन्या आयएसए स्लॉटमध्ये एक घंटी दोघांत वाटून घेता येत नसे. नंतरच्या पीसीआयमध्ये ती सोय झाली. त्यामुळे कार्ड कंपनीतून आलं तसंच बसवलं की वजनाचा प्रोग्राम सुरू होताक्षणी माऊस गोठायचा.

उपाय सोपा. कार्डावर छोट्या पिना असतात, त्यांवरची काळी टोपी, म्हणजे जम्पर, काढून पाचवर ठेवायची. पाच नंबर बहुधा साउंड कार्ड घेतं. जिनिंगमध्ये गाणी कोण ऐकतो? पाच मोकळाच होता. कार्ड लांब, सोळा बिटांचं असेल तर दहा, अकरा, बारा, पंधराही मिळतात. आखूड आठ बिटांच्या कार्डाला ते मिळत नाहीत, कारण त्या तारा स्लॉटच्या मागच्या तुकड्यात आहेत. मग प्रोग्रामलाही सांगायचं, बाबा रे, तिसऱ्याची घंटी आता पाच.

मशीननं पोर्ट ओळखला का, हे पाहायला डॉसमध्ये डीबग उघडून 'डी ४०:०' लिहायचं. पहिल्या ओळीत 'एफ८ ०३ एफ८ ०२' असं उलटं दिसतं. तिसरा ओळखला असेल तर पुढे 'ई८ ०३'. काही जुनी बायोस तिसऱ्याकडे बघतच नसत, तिथं शून्य दिसलं म्हणून कार्ड खराब समजायचं नाही. एमएसडी नावाचा प्रोग्राम तर चिप कुठली तेही सांगायचा. ८२५० किंवा १६४५० असेल तर एका वेळी एकच अक्षर धरून ठेवते, मशीन कामात असलं की पुढचं अक्षर आधीच्यावर चढतं. १६५५०ए असेल तर सोळा अक्षरं मावतात. पैसे असतील तर तीच घ्यायची.

हे सगळं मी व्यवस्थित केलं. कार्डाची सोनेरी धार खोडरबरानं पुसली. स्क्रू आवळताना कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून उचलली जाते, तीही दाबून पाहिली. प्रोग्राम सुरू केला. काटा रिकामा होता. स्क्रीनवर आलं ००००००. इंडिकेटरवरही शून्य. मुनीमजी खूश, मालक खूश. मी पैसे घेतले आणि शेवटची एस.टी. पकडली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आमच्या शेजारच्या एसटीडीवर फोन. "साहेब, तुमचा कम्प्युटर पागल झाला."

गेलो. बंडी काट्यावर चढली की स्क्रीनवर आकड्यांच्या मधे जाळीदार ठोकळे, रेघा, काटकोन. काही आकडे बरोबर, काही गेलेले. बाहेर रांग नदीकडच्या वळणापर्यंत. मुनीमजींनी हातानं पावत्या लिहायला सुरुवात केली होती, पण कम्प्युटर आल्याची बातमी गावागावात झालेली. एक म्हातारे शेतकरी बंडीवरून उतरून खिडकीत आले.

"काहून बाप्पा, कापसाचं वजन काट्यावर हाये का तुह्या डब्यात? मशीन एक सांगते, मुनीम दुसरं लिव्हते. म्या कोनाचं आयकू?"

हातानं लिहिलेली पावती त्यांनी घेतली नाही. बैल सोडले आणि बाजूला बसून राहिले. त्यांच्या मागच्या दोघांनीही तेच केलं.

मी घाबरलो आणि घाबरलेला मेकॅनिक करतो तेच केलं. सामान बदलायला लागलो. कार्ड बदललं. तेच. केबल बदलली. तेच. काट्यापासून ऑफिस लांब होतं; आरएस-२३२ च्या वायरीला पन्नास फुटांची मर्यादा सांगतात, म्हणून दोष वायरीच्या लांबीवर ढकलला. मग मीटर काढला. ही तपासणी मात्र लक्षात ठेवा: काळी सुई पाच नंबरच्या पिनेवर, लाल तीनवर, आणि कम्प्युटरकडून उणे दहा-अकरा व्होल्ट यायला हवेत. हो, उणे. रिकामी लाईन उणेच असते. शून्य आलं तर एक तर लाईनची चिप जळाली, नाहीतर पॉवर सप्लायच्या निळ्या वायरीतले उणे बारा व्होल्ट गेलेत. बाकी मशीन ठणठणीत चालतं आणि सिरियल पोर्ट तेवढा मेलेला, ही निळ्या वायरीची करामत असते. समोरच्या उपकरणाच्या ज्या पिनेवर उणे दाब दिसेल ती बोलणारी पिन; ती आपल्या ऐकणाऱ्या पिनेला, म्हणजे दोनला, जोडायची. केबल सरळ हवी की उलटी, हा वाद तिथंच मिटतो.

माझ्या मीटरवर सगळं ठीक होतं. दिवस मावळला.

रात्री मुनीमजींनी मला चहा दिला आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. हा माणूस कम्प्युटरला हात लावायलाही भ्यायचा. पण दिवसभर लाल आकडा वाचताना तो एका बाजूला स्क्रीनकडेही पाहत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ० बरोबर, ३ बरोबर, ५ बरोबर, ६ बरोबर, ९ बरोबर. खाली: १, २, ४, ७, ८ नेहमी बिघडते. "९६० ची बंडी बरोबर आली साहेब, १२८० ची आली नाही. तेच ते आकडे बिघडून राह्यले."

वायर खराब असती तर कधी हा आकडा बिघडला असता, कधी तो. नेमके तेच पाच बिघडतात, याचा अर्थ वायर काहीच चुकवत नव्हती. आम्ही दोघं वेगवेगळी भाषा बोलत होतो.

ती भाषा अशी. प्रत्येक आकडा सात एक-शून्यांनी लिहितात. '०' म्हणजे ०११००००, त्यात एक हा अंक दोनदा. '१' म्हणजे ०११०००१, त्यात तीनदा. काही उपकरणं आठवी जागा पडताळ्याला ठेवतात: एक हा अंक विषम वेळा आला असेल तर आठवीतही एक टाकायचा, म्हणजे एकूण सम होतात. यालाच सम पॅरिटी म्हणतात. इंडिकेटर तसं पाठवत होता, आणि मी प्रोग्रामला सांगितलं होतं की आठही जागा अक्षराच्याच आहेत, पॅरिटी नाही. ०, ३, ५, ६, ९ यांत एक हा अंक सम वेळा येतो, म्हणून ते तसेच उतरायचे. १, २, ४, ७, ८ मध्ये विषम वेळा, म्हणून आठव्या जागेतला एक अक्षरात मिसळायचा आणि जाळी दिसायची. पोरांनी घरी जाऊन कागदावर मांडून बघावं.

आणि मी चाचणी घेतली होती शून्यावर! रिकाम्या काट्यावर!

आठ-नो-एक बदलून सात-ईव्हन-एक केलं. दहा सेकंदांचं काम. इंडिकेटरसोबत आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ते छापलेलंही होतं. ते पान मी उघडलंच नव्हतं.

पहाटे त्या म्हाताऱ्या बाबांची बंडी पहिली घेतली. स्क्रीनवर आणि काट्यावर एकच आकडा आला. त्यांनी पावती दोनदा पाहिली, खिडकीतून आत वाकून लाल आकडा स्वतः पाहिला आणि मला म्हणाले, "रातभर बैल उपाशी ठेवले तुह्यापायी. चाय तरी पाज." मी चहा पाजला, बैलांसाठी कडबाही आणून दिला. तेव्हापासून कुठल्याही काट्यावर गेलो की रिकाम्यावर चाचणी घेतली नाही. आधी वजनं ठेवून १ ते ९ सगळे आकडे एकदा स्क्रीनवर आणायचे, मग बॅग भरायची.

आता या कार्डांचा उपयोग काय, असं सचिवांनी विचारलं. घरी काही नाही. पण जुने वजनकाटे, कारखान्यांतली यंत्रं, प्रयोगशाळेतली उपकरणं अजून याच भाषेत बोलतात. आजकाल यूएसबीची वायर लावून काम भागवतात. तिचा एक त्रास सांगतो: वायर काढून दुसऱ्या भोकात घातली की पोर्टाचा नंबर बदलतो, आणि जुना प्रोग्राम चारच्या पुढे मोजत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर परत खाली आणावा लागतो. आणि ३एफ८ हा पत्ता थेट ठोठावणारे डॉसचे प्रोग्राम तर यूएसबीच्या वायरीला ओळखतच नाहीत. तिथं आयएसएचं खरं कार्डच लागतं आणि ते बाजारात सहज मिळत नाही. म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे, तो डबा भंगारात देऊ नका. कार्ड मी काढून ठेवलंय. त्याच्यासोबतच्या दहा तारांच्या चपट्या केबलीही ठेवल्यात, कारण त्यांच्या जोडणीचे दोन प्रकार असतात. एका कार्डाची केबल दुसऱ्याला लावली की पोर्ट मुका होतो आणि माणूस उगाच कार्ड फेकतो.

सी विंगच्या चिरंजीवाला मी पुढच्या रविवारी बोलावलंय. दोन आणि तीन नंबरच्या पिना वायरीच्या तुकड्यानं जोडायच्या, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर परत स्क्रीनवर येतं का पाहायचं. आलं तर पोर्ट जिवंत. आणखी कोणाला यायचं असेल तर या. चहा आमच्याकडे.