बस रात्री कुठे झोपते?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय माझ्यावर सोडला. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस म्हटल्यावर व्याजदरावर बोलेल, अशी भीती काही जणांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घाबरू नका. मी आज बसबद्दल बोलणार आहे. आपल्या बेस्टच्या लाल बसबद्दल.

मुंबईत पहिली मोटारबस धावली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ मध्ये डबल डेकर आली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हापासून रस्त्यावरची सगळी भिस्त बसवर.

मी बँकेत लागलो ते १९७३ साली. फोर्टला जायला बस. कंडक्टर पंच वाजवत यायचा, तो टिकटिक आवाज आमच्या पिढीच्या कानात अजून आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दिवस संपला की कंडक्टर डेपोत जाऊन हिशेब द्यायचा. विकलेली तिकिटं आणि पिशवीतली रोकड जुळली पाहिजे, कमी पडली तर खिशातून भरायची. आम्हा कॅशियर लोकांचं तेच. त्यामुळे कंडक्टर मला नेहमी आपल्याच खात्यातला वाटायचा.

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाताना मरोळ डेपोसमोर थांबायची सवय लागली. तिथल्या एका जुन्या मेकॅनिकशी ओळख झाली. ते एकदा म्हणाले, "साहेब, बस सकाळी वेळेवर येणार की नाही, हे ती रात्री कुठे झोपते त्यावर ठरतं." हे वाक्य मी विसरलो नाही.

बघा, बस रात्री डेपोत येते. तिला इंधन लागतं, धुणं लागतं, ब्रेक-टायर बघावे लागतात, बिघाड असेल तर खड्ड्यावर घ्यावी लागते. मग सकाळच्या क्रमाने रांगेत लावायची. पहाटे पहिली सुटणारी मागे अडकली, की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. डेपो मार्गापासून लांब असेल तर बस पहिल्या स्टॉपपर्यंत रिकामी धावते. डिझेल जळतं, ड्रायव्हरची वेळ जाते, तिकीट मात्र एकही फाटत नाही. आमच्या भाषेत हे खर्चाचं खातं, जमेची बाजू कोरी. उलट डेपो जवळ असेल तर पहिली बस लवकर मिळते आणि शेवटची उशिरापर्यंत. रात्रीची शेवटची बस ही बहुतेक वेळा डेपोत झोपायलाच चाललेली असते. आपण वाटेत तिच्यात बसतो, एवढंच.

कोणती बस कुठल्या डेपोला द्यायची, यातही विचार असतो. डबल डेकर खालून जाणाऱ्या पुलाखाली, झाडाच्या फांद्यांखाली बसत नाही, म्हणून ती ठरावीक मार्गांवरच. अरुंद गल्लीला छोटी मिडी बस. वीजेवरच्या बसला चार्जर असलेलाच डेपो हवा. नाहीतर नवीकोरी बस मिळूनही उपयोग नाही. चेकबुक आहे, खात्यात पैसे नाहीत, तशी गत.

जुन्या डबल डेकरपैकी शेवटच्या गाड्या आपल्या मरोळ डेपोच्याच होत्या, हे किती जणांना माहीत आहे? १५ सप्टेंबर २०२३ ला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ नंबरवर शेवटची फेरी झाली. गाडीला पंधरा वर्षं झाली की ती सेवेतून काढतात, तसा तिचा दिवस भरला. मी नातवाला घेऊन गेलो होतो. गाडीला हार घातले होते, लोक फोटो काढत होते. नातू म्हणाला, "आजोबा, एवढी आवडायची तर आधी का नाही कोणी बसायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

आता वीजेवरची वातानुकूलित डबल डेकर आली आहे. दोन दरवाजे, दोन जिने. छान आहे. पण एकूण चित्र बघा. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर बस होत्या. आज सगळ्या मिळून तीन हजारसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक भाड्याच्या. म्हणजे बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची, बेस्टने किलोमीटरमागे पैसे द्यायचे. २०१९ च्या करारात स्वतःच्या ३,३३७ बस राखायच्या असं ठरलं होतं. आजचा स्वतःचा आकडा त्याच्या आसपासही नाही. भाड्याने घेणं हे पाप नाही, बँकासुद्धा घेतात. पण परवडत नाही म्हणून कंत्राटदार निघून गेला की बसही त्याच्याबरोबर जाते, हे मुंबईने पाहिलं आहे. आणि आता डेपोच्या जमिनींच्या पुनर्विकासाच्या बातम्या येतात. मालमत्ता एकदा ताळेबंदातून गेली की परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तुम्ही म्हणाल, काका, हे आम्हाला कशाला? आम्ही काय करणार?

तेच सांगायला उभा राहिलो आहे. थोडी कबुली द्यायची आहे.

नवीन सभासदांना माहीत नसेल, पूर्वी बसस्टॉप आपल्या गेटसमोर होता. २००४ च्या सर्वसाधारण सभेत तक्रार आली की बस थांबल्यामुळे गाड्या बाहेर काढता येत नाहीत. तेव्हा संस्थेत गाड्या होत्या अकरा. स्टॉप हलवावा असा ठराव झाला, आणि खजिनदार या नात्याने पत्राचा मसुदा मी केला. चांगलं पत्र होतं, मुद्देसूद. काही महिन्यांत स्टॉप पुढच्या नाक्यावर गेला. सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गेटपासून त्या स्टॉपपर्यंतची पावलं मी मोजली आहेत. तीनशे दहा. पावसात, खोदलेल्या फुटपाथवरून, तिच्या काठीच्या वेगाने. परवा अर्ध्यात थांबून ती म्हणाली, "तुमचंच पत्र ना हो?" मी काय बोलणार?

आणि ही फक्त आमची गोष्ट नाही. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, पहाटेच्या पाळीचा वॉचमन, कॉलेजला जाणाऱ्या मुली, सगळे हीच पावलं चालतात. मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ चं १० रुपये झालं, तरी त्यांना दुसरा पर्याय नाही. गाड्या अकराच्या बावन्न झाल्या, गेटसमोरची कोंडी काही कमी झाली नाही. उलट दर सभेत पार्किंगवरून आपण भांडतो. म्हणजे दोष बसचा नव्हता, हिशेब आमचा चुकला होता.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. स्टॉप परत गेटसमोर आणावा, असं पत्र आपण संस्थेतर्फे देऊ या. सोबत लिहू या की बाहेर आपली एकही गाडी उभी राहणार नाही, बसला जागा मोकळी ठेवू. शिल्लक निधीतून एक बाकही ठेवता येईल. मसुदा मी तयार केला आहे, खाली टेबलावर आहे. पहिली सही माझी आहे, दुसरी सौ.ची.

जुनी चूक दुरुस्त करायला बँकेत उलट नोंद टाकतात. ही माझी एकवीस वर्षांनी टाकलेली उलट नोंद समजा.

दहा मिनिटं झाली. जेवायला जाण्याआधी सही करून जा.