प्रश्न कोणी ठरवायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जनसुनावणीची नोटीस गावात लागली की आपण जागे होतो. मग निवेदने, मोर्चा, घोषणा. हे सारे आवश्यकच आहे. परंतु तोवर बरेच काही हातचे निसटलेले असते.

१४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेने पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाचे टप्पे घालून दिले. त्यांतला निर्णायक टप्पा जनसुनावणी नव्हे, तर तिच्या कितीतरी आधी होणारी अभ्यासाच्या कार्यकक्षेची निश्चिती होय. कोणते परिणाम तपासायचे, किती परिसरात, कोणत्या ऋतूंत, हे तेथे ठरते. अर्ज प्रकल्पवाला भरतो, कार्यकक्षेचा मसुदाही तोच सुचवतो आणि तज्ज्ञ समिती निर्णय देते. समितीने ६० दिवसांत ती कळवली नाही, तर अर्जदाराने सुचवलेलीच अंतिम समजावी, अशी तरतूद मूळ अधिसूचनेत होती. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, अशातला हा प्रकार! ग्रामसभेला किंवा मच्छीमार सोसायटीला या टप्प्यावर विचारण्याचे बंधन मात्र कोणावरही नाही.

जैतापूरचे उदाहरण घ्या. ९,९०० मेगावॉटच्या नियोजित अणुवीज प्रकल्पासाठी जमीन गेली ती माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या गावांची. साखरी नाटे येथील मच्छीमारांचे शेत समुद्रात. त्याला सातबारा नाही. जेथे गरम पाणी सोडले जाणार तेथे कोणत्या महिन्यात कोणती मासळी येते, सुरक्षेच्या नावाखाली होड्यांच्या वाटा बंद होतील काय, मासळी हटली तर ती विकणाऱ्या बायांनी काय करावे, हे प्रश्न अभ्यासाच्या आरंभीच त्यांच्या तोंडून यायला हवे होते. सुनावणी झाली १६ मे २०१० रोजी, अहवाल तयार झाल्यावर. २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाटे येथील एक तरुण मारला गेला.

अर्ज दाखल होताच तो मराठीतून ग्रामपंचायतीत ठेवावा आणि ग्रामसभेच्या प्रश्नांचा समावेश केल्याशिवाय कार्यकक्षा अंतिम करू नये, ही आपली मागणी असली पाहिजे. दोष आपलाही आहे. ‘तांत्रिक बाब’ म्हणून हा टप्पा आपण वकिलांवर सोडून दिला.

अधिसूचना बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तालुका समितीने अर्ज मिळवावा, मच्छीमार, शेतमजूर, बाया यांना बसवून प्रश्न लिहून घ्यावेत आणि ग्रामसभेचा ठराव तज्ज्ञ समितीकडे पोच घेऊन द्यावा. समितीने तो डावलला, तर हरित न्यायाधिकरणापुढे ती पोच आपल्याला लागेल.