विसरभोळेपणा की दुखणे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. पण गेली तीन वर्षे घरात जे पाहते आहे, ते पुष्कळजणींच्या उपयोगी पडेल, असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी राहिले.

आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या. हिशेब असा चोख, की मंडईतून आल्या की कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत भाव तोंडपाठ. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नारायण पेठेतल्या घरातून धाकट्या भावाला कडेवर घेऊन कशा निघाल्या, ते आजही बारकाव्यांसकट सांगतात. मात्र सकाळी चहा झाला की नाही, हे दहा वाजता सांगता येत नाही. लोक म्हणतात, "एवढे जुने आठवते, मग कसले दुखणे?" नेमकी इथेच फसगत होते. या दुखण्यात बहुधा ताजी आठवण आधी पुसली जाते. जुनी बराच काळ टिकते.

मला पहिली शंका आली ती होळीला. चाळीस वर्षे पुरण शिजवलेली बाई. डाळ शिजली, गूळ घातला, आणि डाव हातात धरून मला विचारतात, "आता पुढे काय करायचे गं?" मग एकेक दिसू लागले. मंडईत पाचशेची नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच घरी आल्या. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. पाटल्या स्वतःच कुठे ठेवल्या आणि आळ घेतला कामवाल्या बाईंवर; ती बिचारी रडत बसली. तुळशीबागेतून घरी यायची वाट, जी डोळे मिटून यावी, ती शेजारच्या मुलाला विचारावी लागली. आणि गुरुवारचे भजन त्यांनी आपण होऊन सोडले. म्हणायच्या, "कंटाळा आला." पुढे कळले, की कोणता अभंग चालू आहे हे लक्षात राहीना, म्हणून चारचौघींत लाज वाटत होती.

विसरतो तर आपण सगळ्याच. किल्ली कुठे ठेवली हे विसरणे निराळे, आणि किल्ली हातात घेऊन हिचे काय करायचे हे न सुचणे निराळे. एखादीचे नाव आठवले नाही आणि रात्री अंथरुणावर आठवले, तर घाबरू नये. पण तोच प्रश्न तासात पाच वेळा, ओळखीचे काम मध्येच अडणे, बोलता बोलता साधा शब्द न सापडणे, शांत माणूस एकाएकी संशयी होणे, हे वारंवार दिसू लागले तर वय म्हणून सोडून देऊ नये. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याला फार महाग पडते.

आता जरा सुनांच्या बाजूने बोलते. घरात चोवीस तास असते सून. तिलाच हे आधी दिसते, आणि तिचेच कुणी ऐकत नाही. नणंदेचा फोन आला की दहा मिनिटे सासूबाई अगदी नीट बोलत. मग मलाच ऐकावे लागे, "वहिनी, तुम्हाला आईचे सगळेच वावगे दिसते." यजमानही म्हणत, "वय झाले." मी वाद घातला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाचा हिशेब लिहितो त्या चौकोनात, रोज एक ओळ लिहू लागले: काय झाले, किती वाजता. दोन महिन्यांनी यजमानांनी ती पाने वाचली. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांची वेळ घेऊन आले.

पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिले. दुसऱ्यांनी माझी कालनिर्णयाची पाने मागून घेतली, सासूबाईंना घड्याळाचे चित्र काढायला लावले, रक्त तपासले, डोक्याचा फोटो काढवला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट पदरात बांधून ठेवावी अशी आहे. थायरॉईड बिघडले, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले (आपल्या शाकाहारी घरांत हे फार), मन खचले, ऐकू कमी आले, किंवा एखादे औषध सोसले नाही, तरीही माणूस असेच विसरू लागते. आणि त्यावर उपाय असतो. सासूबाईंचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडा तजेला आला. पण मूळ दुखणे निघाले अल्झायमरचे. १९०६ साली याच नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ते प्रथम मांडले, आणि त्यांची रोगी बाई रुग्णालयात आली तेव्हा अवघी पन्नाशीची होती. म्हणजे हे केवळ म्हातारपणाचे दुखणे नव्हे. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यात बायका अधिक.

बरे करणारे औषध नाही, मग लवकर कळून काय उपयोग, असे नणंदेने विचारले. उपयोग असा, की बँकेच्या कागदांवर आणि मृत्युपत्रावर सासूबाईंनी शुद्धीत, समजून सह्या केल्या. पाटल्या कोणत्या नातीला द्यायच्या तेही स्वतःच ठरवले. वर्षभराने विचारले असते तर ते त्यांना सांगता आले नसते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट जमल्यास जरूर पाहा. संस्कृतचे मोठे पंडित मोटारीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. ती भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तो पाहिल्यापासून सासूबाईंच्या बटव्यात आमचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी मी घालून ठेवते, आणि रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करते. ज्यांना कुणाला विचारायचे असेल त्यांच्यासाठी ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ वर टेली-मानसचा सरकारी फोन आहे.

गेल्या महिन्यापासून सासूबाई पुन्हा गुरुवारी भजनाला येऊ लागल्या आहेत. बोलताना अडतात, पण अभंग सुरू झाला की सगळे शब्द बरोबर येतात. त्यांच्या शेजारी जी बसेल तिने "ओळखलंत का मला?" असे कृपा करून विचारू नये. आपले नाव आपणच सांगावे, आणि टाळ त्यांच्या हातात द्यावेत.