लिंपोपोकाठचे कुंपण



लिंपोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या संगमापाशी दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिंबाब्वे या तीन देशांच्या सरहद्दी एकमेकींस भिडतात. या टापूतील क्रूगर, लिंपोपो व गोनारेझू ही तीन राष्ट्रीय उद्याने जोडून एक संयुक्त अरण्य निर्माण करण्याच्या करारावर ९ डिसेंबर २००२ रोजी थाबो म्बेकी, जोआकिम चिसानो आणि रॉबर्ट मुगाबे या तीन राष्ट्राध्यक्षांनी स्वाक्षऱ्या केल्या. ‘ग्रेट लिंपोपो’ या नावाच्या या अरण्याचे क्षेत्र सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर आहे. त्याच्या आदल्या वर्षीच नेल्सन मंडेला यांच्या हस्ते क्रूगरमधील हत्ती मोझांबिकच्या बाजूस सोडण्यात आले होते.

कल्पना भव्य आहे, यात शंका नाही. वसाहतवाद्यांनी नकाशावर ओढलेल्या रेघा हत्तींच्या कळपांनी मनाने कधीच स्वीकारल्या नव्हत्या. नदीकाठी पिवळट-हिरव्या खोडांच्या बाभूळवर्गीय वृक्षांची दाट राई आहे, तर माळावर शेकडो वर्षांचे प्रचंड गोरखचिंचेचे वृक्ष उभे आहेत. (कोकण किनाऱ्यावर आढळणारी गोरखचिंच याच आफ्रिकेची लेक!) ही संपदा तीन राष्ट्रांनी मिळून जपावी, याला विरोध कोण करील?

परंतु या वारशाचा वारसदार कोण, हा प्रश्न उरतोच. हे रान कधीही निर्मनुष्य नव्हते. क्रूगरच्या उत्तर भागातील थुलामेला येथे दगडी तटांच्या प्राचीन वसाहतीचे अवशेष सापडले आहेत. विसाव्या शतकात याच पाफुरी भागातून मोझांबिकचे मजूर जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत भरती होऊन जात. पुढे मोझांबिकमधील १९७७ ते १९९२ च्या यादवीत जीव वाचवण्यासाठी पळणारे निर्वासित क्रूगरच्या अरण्यातून पायी गेले, आणि त्यांतील काही सिंहांच्या भक्ष्यस्थानी पडले. सरहद्दीचे कुंपण माणसांसाठी तेव्हाही तितकेच निष्ठुर होते.

माकुलेके जमातीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. लिंपोपो व लुवुव्हू यांमधील त्यांची भूमी वर्णद्वेषी सरकारने १९६९ साली हिसकावली व क्रूगरला जोडली. सुमारे तीन हजार लोकांना बंदुकीच्या धाकाने स्वतःच्याच झोपड्या जाळावयास लावून दक्षिणेकडे हाकलण्यात आले. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर त्यांनी हक्क सांगितला आणि १९९८ साली सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांच्या मालकीची झाली. आता नांगर फिरणार, अशी पुष्कळांची अटकळ होती. प्रत्यक्षात समझोत्यानुसार माकुलेके लोकांनी ती भूमी वन्यजीवांसाठीच राखली. उद्यान प्रशासनाबरोबर ते तिचा कारभार संयुक्तपणे पाहतात, आणि पर्यटनाचे उत्पन्न व रोजगार यांत त्यांचा वाटा आहे. तेथे वस्ती किंवा शेती करता येत नाही ही अट कठोर आहे खरी. पण ती जमिनीच्या मालकांनी मान्य केलेली अट आहे.

आता सरहद्दीपलीकडे पाहावे. मोझांबिकमधील पूर्वीच्या शिकारक्षेत्राला २००१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शिंगवेद्झी नदीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मका पेरणारे व गुरे राखणारे सुमारे सात हजार लोक एका राजपत्रानिशी उद्यानातील अडचण ठरले. जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचा पैसा आला, तंबाखूच्या व्यापारात गब्बर झालेल्या अँटन रूपर्ट यांच्या पुढाकाराने १९९७ साली स्थापन झालेल्या पीस पार्क्स प्रतिष्ठानाचे पाठबळ आले. जमिनीच्या हक्काचा कागद मात्र या शेतकऱ्यांकडे आला नाही. स्थलांतर ‘स्वेच्छेचे’ आहे, असे सांगण्यात आले. हत्ती उभे पीक तुडवून जातात, गोठ्यावर सिंह येतो, आणि उद्यानाचे नियम शेती-चराईवर बंधने घालतात, अशा परिस्थितीत उरलेल्या इच्छेला स्वेच्छा म्हणावयाचे असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल.

गेंड्यांची चोरटी शिकार हा या रानावरील मोठा घाव. २०१४ साली एकट्या क्रूगरमध्ये ८२७ गेंडे मारले गेले. शिकारी टोळ्यांना सरहद्दीवरच्या खेड्यांतून भुकेली तरुण माणसे सहज मिळतात, आणि गोळीला बळी पडतात तीही तीच. शिंगाची खरी किंमत दूरच्या शहरांतील दलालांच्या खिशात जाते. सशस्त्र पहारा वाढवणाऱ्या सरकारांनी माकुलेकेंशी केला तसा मालकीचा करार या खेड्यांशी आधी करून पाहावयास हवा होता.

शिंगवेद्झीच्या खोऱ्यातील नांगुएने हे गाव सर्वप्रथम, २००८ साली हलवण्यात आले. त्यांना पक्की घरे मिळाली. शेतजमीन आणि चराऊ रान मात्र यजमान गावाशी वाटून घ्यावे लागले.