डेक्सामेथासोन : केव्हा द्यायचं, केव्हा नाही



डेक्सामेथासोन हे नाव 2020 साली घरोघरी पोचलं. औषध मात्र 1950 च्या दशकातलं, स्टिरॉइड प्रकारातलं. दमा, सांधेदुखी, अंगावर उठणारं पित्त, अशा कितीतरी दुखण्यांत डॉक्टर ते वापरत आले. किंमतही मामुली.

तरीही करोनाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की सरसकट स्टिरॉइड देऊ नका. त्याला आधार होता. 2003 च्या सार्सच्या साथीत स्टिरॉइडचे मोठे डोस दिलेल्या काही रुग्णांची खुब्याची हाडं पुढे निकामी झाली होती.

मग ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी झाली. ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे तिचे प्रमुख. दोन हजारांवर रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस डेक्सामेथासोन दिलं आणि चार हजारांवर रुग्णांना नेहमीचे उपचार. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. 16 जून 2020 ला निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या शंभरांपैकी नेहमीच्या उपचारांत 28 दिवसांत सुमारे 41 दगावत होते; औषधाने ते 29 वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असणाऱ्यांत 26 चे 23. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात? औषध न घेणारे शंभरात 14 गेले, घेणारे जवळजवळ 18. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायदा दिसला नाही एवढं नक्की.

असं का व्हावं? पहिल्या काही दिवसांत विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला आपली प्रतिकारशक्ती हवीच असते. तेव्हा स्टिरॉइड दिलं तर आपण आपलेच हात बांधतो. पुढे, साधारण आठवड्यानंतर, काहींच्या शरीरात हीच शक्ती बेभान होते आणि फुप्फुसं सुजतात. चोर शोधता शोधता पहारेकऱ्यांनीच घर मोडावं, तसा प्रकार. तिथे स्टिरॉइड जीव वाचवतं.

ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही, हा निकालाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे फारसा कोणी ऐकला नाही, असं माझं मत आहे. 2021 च्या लाटेत ताप आला की पहिल्याच दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, आणि आपल्याकडे मधुमेही तर घरटी. त्यानंतर म्युकरमायकोसिस आला, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत ते. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये त्याचे सर्वाधिक रुग्ण होते. कित्येकांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला. दोष एकट्या स्टिरॉइडचा नव्हता, पण त्याचा वाटा मोठा होता.

आणखी एक. करोनात लागू पडलं म्हणून फ्लूच्या न्यूमोनियातही लागू पडेल, असं समजू नका. तसा पुरावा नाही.

तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून या गोळ्या आणू नका. डॉक्टरांनी दिल्या असतील तर साखर तपासत राहा आणि त्यांना विचारल्याशिवाय मध्येच बंदही करू नका.